राज्याच्या विस्तारानें धर्म खरा ठरतो काय?

आमचे उपदेशक व शाळामास्तर बाजाराच्या दिवशीं चावडीपाशीं बसले असतां त्यांच्या कानीं दोन वाद वारंवार पडतात. पहिला असा कीं, मुसलमानी धर्म तलवारीनें पसरला, म्हणून तो खोटा. दुसरा असा कीं, तो धर्म शंभर वर्षांत इतक्या देशांत पसरला, तर ईश्वराचा हात त्याच्या पाठीशीं असलाच पाहिजे. हे दोन वाद करणारे एकमेकांचे विरोधी दिसतात खरे, परंतु दोघांच्या बोलण्याच्या बुडाशीं समजूत एकच आहे. ती ही कीं, राज्य किती वाढलें व कसें वाढलें, हें पाहून धर्माची पारख करितां येते. ही समजूत कितपत बरोबर आहे, याचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विचार केवळ मुसलमान शेजाऱ्यांविषयींचा नाहीं. तो शेवटीं आपल्याच दाराशीं येऊन उभा राहतो, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम इतिहास जसा घडला तसा सांगूं. महंमद पैगंबर इ. स. ६३२ सालीं मदिना येथें वारले. त्यानंतर दहा वर्षांच्या अवधींत अरबांच्या सैन्यांनीं सिरिया, इराक व मिसर हे देश घेतले. ६५१ सालीं इराणचा शेवटचा सासानी बादशहा मारला गेला. ७११ सालीं एक सैन्य स्पेन देशांत उतरलें, आणि त्याच सुमारास महंमद बिन कासीम यानें सिंध प्रांत जिंकिला. ७३२ सालीं फ्रान्स देशांत त्यांस पराभव पावून मागें फिरावें लागलें, तेव्हां पैगंबरांच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं होतीं. आपल्या देशांत १०२६ च्या सुमारास गझनीच्या महमुदानें सोमनाथाचें देऊळ लुटिलें, व १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. हीं सर्व सैन्यांचीं कामें होत, उपदेशकांचीं नव्हत. युद्धांत जें रक्त, जी लूट व जे बंदिवान असावयाचे, तें सर्व त्यांत होतें. हें कबूल करण्यास कोणाही प्रामाणिक मनुष्यानें, तो मुसलमान असो कीं दुसरा कोणी असो, संकोच करूं नये.

परंतु येथें एक भेद केला पाहिजे. देश जिंकणें ही एक गोष्ट, आणि त्या देशांतील लोकांनीं जेत्याचा धर्म घेणें ही दुसरी गोष्ट. मिसर देश दोन-तीन वर्षांत जिंकिला गेला, तरी तेथील बहुतेक लोक त्यानंतर पुष्कळ पिढ्या ख्रिस्ती राहिले, आणि कोप्ट लोकांची मंडळी तेथें आजही आहे. उलट कांहीं अधिकाऱ्यांस रयतेनें मुसलमान व्हावें असें वाटतच नसे, कारण जिझिया कर बुडाला तर खजिना रिता होईल ही भीति होती. ७१७ ते ७२० या काळांत खलीफा असलेल्या दुसऱ्या उमरास हुकूम काढावा लागला कीं, जो मुसलमान झाला त्याजकडून हा कर घेऊं नये. यावरून दिसतें कीं, राज्याची इच्छा आणि धर्माची इच्छा हीं दोन्ही नेहमीं एका जुवाखालीं चालत नव्हतीं.

हा भेद आपल्या भूमीवर पाहावयाचा असेल, तर पालघर जिल्ह्यांत वसई तालुक्यांतील वटार गांवीं यावें. गांव समुद्राजवळ आहे. त्या बाजूस केळीच्या व पानवेलींच्या वाड्या आहेत, आणि हिंदु व ख्रिस्ती कुटुंबें शेजारीं शेजारीं राहतात. एका अंगास निर्मळ आहे, व पूर्वेस थोड्या अंतरावर सोपारें आहे, जेथें पूर्वीं मोठें बंदर होतें. वटारचें नांव मोठमोठ्या इतिहासांत येत नसेल, पण ज्या वाटांनीं राज्यें व धर्म या किनाऱ्यास आले, त्या सर्व वाटा या गांवाजवळूनच गेल्या आहेत.

सोपाऱ्यास १८८२ सालीं अशोक राजाच्या धर्मलेखाचा एक तुकडा सांपडला, व त्याच सुमारास तेथील स्तूप उकरण्यांत आला. अशोकाएवढें राज्य त्या काळीं दुसऱ्या कोणाचें नव्हतें, आणि धर्माचा प्रसार करण्यासाठीं त्याच्याएवढी खटपट करणारे राजेही थोडेच झाले. तरी त्या बंदरांतील बौद्ध धर्म कालांतरानें नाहींसा झाला व दगड तेवढे उरले. तेव्हां राजाचें बळ हा धर्माचा पाया होऊं शकत नाहीं, याची पहिली साक्ष सोपारेंच देतें.

अरबांची गोष्टही याच किनाऱ्यावर सुरू होते. अल्-बलाधुरी या इतिहासकारानें लिहिलें आहे कीं, दुसरा खलीफा उमर याच्या काळीं, ६३६ सालच्या सुमारास, बहरीन व ओमान येथील सुभेदारानें ठाण्यावर आरमार पाठविलें. खलीफास हें कळलें तेव्हां त्यास आनंद झाला नाहीं. आपल्या माणसांस लांकडाच्या तुकड्यांवर बसवून समुद्रांत लोटिल्याबद्दल त्यानें सुभेदाराची खरडपट्टी काढिली. याप्रमाणें या किनाऱ्यावर तलवार फार लवकर येऊन गेली, परंतु तिनें येथें धर्म रुजविला नाहीं. तो रुजला व्यापाऱ्यांच्या तारवांनीं. ९१६ सालीं अल्-मसूदी हा प्रवासी चौलास आला, तेव्हां तेथें सुमारें १०,००० मुसलमान राहत होते असें तो सांगतो. त्यांच्यापैकीं पुष्कळ येथेंच जन्मलेले होते. राज्य शिलाहार राजाचें होतें, व मुसलमानांचे तंटे तोडण्यासाठीं राजानें त्यांच्यांतीलच एक प्रमुख नेमिला होता. आजही कोंकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे आहेत आणि उत्तर हिंदुस्थानांतील बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे आहेत. कारण उघड आहे. एकांकडे धर्म अरबी समुद्रावरून आला, दुसऱ्यांकडे मध्य आशियांतून डोंगर ओलांडून आला.

याहून बोधपर अशी एक गोष्ट डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें उजेडांत आली आहे. तेथें १९५५ सालीं कांहीं ताम्रपट सांपडले. त्यांतील एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यावरून कळतें कीं, राष्ट्रकूट राजांनीं संजाण प्रांतावर मधुमती नांवाचा अधिकारी नेमिला होता. मधुमती हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप होय असें विद्वान् मानितात, व त्या लेखांत त्यास ताजिक, म्हणजे अरब, म्हटलें आहे. या अरब अधिकाऱ्यानें नद्यांवर फुकट उतार चालविले, आणि एक अन्नछत्र घातलें, जेथें भात, कालवण व तूप विनामूल्य मिळे. भगवती देवीच्या सेवेसाठीं एका ब्राह्मणानें मठ बांधिला होता. त्याच्या खर्चासाठीं मधुमतीनें राजाच्या संमतीनें एक गांव व कांहीं जमीन लावून दिली. त्याच संजाणांत इराणांतून परागंदा झालेल्या पारशी लोकांस आश्रय मिळाला, असें त्यांची परंपरा सांगते. वाचकांनीं क्षणभर थांबून याचा विचार करावा. एका देशांत अरबांच्या सैन्यानें राज्य बुडविलें म्हणून लोक देशोधडीस लागले, आणि दुसऱ्या देशांत, जेथें ते आसऱ्यास आले, तेथेंच एक अरब मनुष्य परक्या धर्माच्या वाटसरूंस नदीपार उतरवीत होता. धर्म दोघांचा एकच होता. मग त्या धर्माची पारख कोणत्या मनुष्यावरून करावी?

आतां याच किनाऱ्यावरील दुसरी बाजूही झांकून ठेवूं नये. १३२१ सालीं ठाणें शहर दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखालीं होतें. तेथें चार फ्रान्सिस्कन साधू आले होते. काजीनें त्यांस पैगंबरांविषयीं प्रश्न विचारिले, त्यांनीं कठोर उत्तरें दिलीं, आणि त्याबद्दल त्यांस ठार करण्यांत आलें. त्यांचा सोबती जॉर्डेनस त्या वेळीं ठाण्यांत नव्हता. त्यानें त्यांचीं प्रेतें सोपाऱ्यास आणून पुरिलीं. हा जॉर्डेनस आपल्या पत्रांत लिहितो कीं, ठाणें व सोपारें यांच्या दरम्यान त्यानें पस्तीस माणसांस बाप्तिस्मा दिला. त्याच्या पाठीशीं ना राजा होता, ना फौज, ना खजिना. कांहीं काळानें ओडोरिक नांवाचा दुसरा साधू तेथें आला. तो सांगतो कीं, दिल्लीच्या सुलतानास ही हत्या कळली तेव्हां त्यानें ठाण्याच्या त्या अधिकाऱ्यास बोलावून नेऊन देहांत शिक्षा दिली. म्हणजे मारणाराही मुसलमान होता, आणि मारणाऱ्यास शासन करणाराही मुसलमानच होता.

या गोष्टींवरून आम्ही असें म्हणत नाहीं कीं, राज्याच्या बळाचा धर्मप्रसाराशीं कांहींच संबंध नव्हता. संबंध होता, व तो पुष्कळ प्रकारचा होता. जिझियाचें ओझें गरिबास जड वाटे; दरबारांत चढावयाचें तर राजाच्या धर्माचा उपयोग होई; बंदिवानास कोणी विचारीत नसे. अहमदनगरची निजामशाही १४९० सालीं मलिक अहमद यानें स्थापिली. ज्या जिल्ह्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तेथील आमच्या वाचकांस हें नांव परकें नाहीं. फेरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणें या मलिक अहमदाचा बाप पाथरीच्या ब्राह्मण कुळांतील असून लहानपणीं बहामनी सैन्याच्या हातीं सांपडला व मुसलमान करण्यांत आला. त्या पोराच्या मनाची संमति कोणीं घेतली होती? कोणींही नाहीं. तो अन्यायच होता, व त्यास दुसरें नांव देतां येत नाहीं.

तरी केवळ बळानें धर्म पसरत असता, तर जेथें बळ सर्वांत अधिक, तेथें तो सर्वांत अधिक पसरला असता. दिल्ली व आग्रा हीं बादशाहीचीं राजधानीचीं शहरें. त्यांच्या भोंवतालच्या प्रदेशांत मुसलमान नेहमीं थोडेच राहिले. उलट पूर्व बंगाल दिल्लीपासून दूर व जंगलांनीं भरलेला, तरी १८७२ सालच्या शिरगणतींत तेथील खेड्यापाड्यांतून मुसलमान शेतकऱ्यांची एवढी दाट वस्ती आढळली कीं सरकारी अधिकारीही चकित झाले. तेथें जंगल तोडून भातशेती वसविणाऱ्या लोकांमध्यें पिरांच्या सहवासानें तो धर्म हळूहळू मुरत गेला. इंडोनेशियाच्या बेटांत कोणतेंही अरब सैन्य कधीं गेलें नाहीं, तरी तो देश आज जगांतील सर्वांत मोठ्या मुसलमान लोकवस्तीच्या देशांत मोडतो. आणि १२५८ सालीं मोंगल सरदार हुलागू यानें बगदाद शहर धुळीस मिळवून खलीफास ठार केलें, त्या वेळीं तर तलवार इस्लामाच्या गळ्यावर होती. परंतु पुरीं चाळीस वर्षें झालीं नाहींत तोंच, १२९५ सालीं, त्याच हुलागूचा पणतू गाझान खान यानें त्या जित लोकांचा धर्म पत्करिला. जिंकणाऱ्यानें हरलेल्याचा धर्म घेतला. येथें तलवारीचा हिशेब साफ चुकतो.

आतां आपल्या दाराशीं येऊं. १५३४ सालच्या डिसेंबर महिन्यांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें, हुमायून बादशहाच्या भयानें व फिरंग्यांच्या आरमाराच्या धाकानें, वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस लिहून दिला. एका मुसलमान राजानें ख्रिस्ती राजास गांवें दिलीं, आणि गांवांबरोबर माणसेंही गेलीं. येथील शेतकऱ्यास व कोळ्यास कोणीं कांहीं विचारिलें नाहीं. पुढें दोनशें वर्षें तो अंमल होता, व त्याच काळांत या बाजूचीं पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. कोणी उपदेश ऐकून झाले, कोणी वतनाच्या आशेनें, कोणी भयानें. गोव्यांत तर १५४० च्या सुमारास देवळें पाडण्यांत आलीं, आणि १५६० सालीं तेथें इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायसभा बसली. वटारच्या ख्रिस्ती मनुष्यास कोणी म्हणालें कीं, तुझा धर्म फिरंग्याच्या तारवांतून आला, तर तारवाची गोष्ट त्यास नाकारतां येणार नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, हें रोमन मंडळीचें झालें. आपण प्रॉटेस्टंट लोक यांतून मोकळे आहों. तसें नाहीं. सिंहलद्वीप डच लोकांच्या ताब्यांत असतां सरकारी नोकरी मिळण्यास प्रॉटेस्टंट मंडळीचा बाप्तिस्मा लागत असे. त्यामुळें हजारों लोकांचीं नांवें मंडळीच्या वहींत चढलीं. १७९६ सालीं डचांचा अंमल गेला आणि त्यांतील बहुतेक नांवें वाळलेल्या पानांसारखीं गळून पडलीं. आणि दख्खनांत १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर मंडळ्या वाढल्या, तेव्हां हे लोक अन्नासाठीं आले असें बोलणारे होते, व अजूनही आहेत. या बोलण्यांत कांहींच खरें नाहीं असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. ज्याच्या घरीं लेंकरें उपाशीं होतीं, तो भाकरीच्या वाटेनें आला असेल, तर त्यांत लाज त्याची नव्हे.

परंतु वटारकडे पुन्हां एकदां पाहा. १७३९ सालच्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला व फिरंगी निघून गेले. आतां फिरंग्याच्या धर्मांत राहण्यापासून वतन नव्हतें, मान नव्हता, आणि तो सोडण्यापासून कदाचित् लाभही झाला असता. तरी या बाजूच्या कुटुंबांनीं तो सोडिला नाहीं. त्यांची भाषा येथीलच राहिली, त्यांची शेती येथीलच राहिली, आणि ज्या धर्मास पणज्यांनीं कोणत्या कारणानें हात लाविला असेल तो असो, नातवंडांनीं तो आपला म्हणून धरिला. कोंकणांतील मुसलमानांविषयींही हेंच म्हणतां येईल. सुलतान गेले, मोंगल गेले, निजामशाही बुडाली. तरी नमाज राहिला. मनुष्य धर्मांत कोणत्या दारानें आला, हें इतिहास थोडेंबहुत सांगूं शकतो. आंत आल्यावर त्यास काय लाभलें म्हणून तो राहिला, हें त्याचें अंतःकरण जाणे व ईश्वर जाणे.

म्हणून वर सांगितलेल्या दोन्ही वादांस आमचें उत्तर एकच आहे. राज्य वाढलें म्हणून धर्म खरा ठरत नाहीं. तसें असतें तर सोपाऱ्याचा स्तूप ओस पडला नसता. आणि राज्याबरोबर आला म्हणून धर्म खोटाही ठरत नाहीं. तसें असतें तर आपणांसच प्रथम उठून जावें लागेल. अरण्यांतील परीक्षेच्या वेळीं जगांतील सर्व राज्यें पुढें ठेविलीं असतां ख्रिस्तानें तीं घेतलीं नाहींत, हें आपण मुलांस शिकवितों. जें त्यानें नाकारिलें, तेंच त्याच्या सत्यतेचा पुरावा म्हणून आपण मिरवावें, हें शोभत नाहीं. आणि तेंच दुसऱ्याच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून त्याच्या तोंडावर फेंकावें, हेंही शोभत नाहीं.

मग राज्यांच्या इतिहासापासून धर्माविषयीं कांहींच शिकावयाचें नाहीं काय? शिकावयाचें आहे, पण तें वेगळें आहे. धर्माचा मनुष्य बळवान् झाला असतां दुबळ्याशीं कसा वागला, आणि दुबळा झाला असतां कशानें टिकला, हें पाहावें. ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या हातीं सत्ता होती आणि संजाणच्या मधुमतीच्याही हातीं सत्ता होती. एकानें ती वाद संपविण्यासाठीं वापरिली, दुसऱ्यानें वाटसरूंस नदीपार नेण्यासाठीं. ही निवड प्रत्येक धर्माच्या मनुष्यापुढें येते. पाटलापुढें येते, शाळामास्तरापुढें येते, आणि जेथें आपली मंडळी मोठी व शेजारी थोडे, त्या गांवीं आपल्यापुढेंही येते.

आमच्या उपदेशक बंधूंस एक विनंति आहे. आपल्या गांवचा मुलाणी, तांबोळी किंवा अत्तार हा आपल्याप्रमाणेंच मराठी बोलतो, त्याच विहिरीचें पाणी पितो, आणि त्याच्याही पणजोबाविषयीं लोक तसेंच बोलतात जसें आपल्या पणजोबाविषयीं बोलतात. पुढल्या बाजारीं तलवारीचा वाद निघाला, तर प्रथम आपल्या घरची गोष्ट सांगावी, मग त्याची ऐकावी. मापाविषयींची प्रभूची शिकवण आपणांस ठाऊक आहे. माप एकच असूं द्यावें, व तें दोघांच्याही घरीं चालेल असें असूं द्यावें.